नारिंगीला आठ

हर्डीकरांना कुणी 'कसं काय?' विचारलं, तर ते रंग सांगत. "सकाळी हिरवा होता, दुपारी जरा पिवळ्याकडे झुकला." शेजारच्या शुक्लाजींचा कित्येक महिने समज होता, की हे गृहस्थ घराला रंग लावण्याबद्दल बोलतात. शेवटी त्यांनी एक चांगला पेंटर सुचवला. हर्डीकरांनी त्याचा पत्ता नीट लिहून घेतला आणि शुक्लाजींचे आभार मानले.

लखनौला मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत आमची घरं समोरासमोर होती. हर्डीकर मूळचे सांगलीचे, ब्रेकच्या विभागात इंजिनिअर. मी आकडेवारीच्या विभागात. त्यांना तरुणपणापासून मधुमेह होता आणि रोज इन्शुलिन लागे. रक्तातली साखर घरी मोजण्याची तेव्हा आमच्याकडे सोय नव्हती. परीक्षानळीत निळं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. पुढे हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी. जेवणाआधीच्या ठरलेल्या इन्शुलिनवर आणखी किती घ्यायचं, हे डॉक्टरांनी त्यांच्यापुरतं रंगावर बांधून दिलं होतं. हिरव्याला काही नाही, पिवळ्याला चार युनिट, नारिंगीला आठ, विटकरीला बारा. "आणि वर देवाचं नाव," असं हर्डीकर स्वतः जोडत.

किती घ्यायचं याबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. कधी घ्यायचं, हा त्यांचा प्रांत होता.

"ब्रेक लावला की गाडी थांबते, असं पॅसेंजरला वाटतं," ते म्हणत. "ती आणखी किती धावते, ते आम्हाला विचारा." एक डोस घेतला की तो पुरता लागू होईपर्यंत दुसऱ्याचं नाव काढायचं नाही, हा त्यांचा कायदा. इंजेक्शननंतर तासाभराने पुन्हा नारिंगी आला, तरी हा माणूस हाताची घडी घालून बसे. मी एकदा म्हणालो, "अहो, अजून नारिंगीच आहे, घ्या की आणखी." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी चालत्या गाडीतून उडी मारायला सांगितलं होतं.

दुसरा कायदा त्याहून त्रासाचा होता. पहिली लघवी त्यांना चालत नसे. "ती चार तास साठलेली. मागच्या स्टेशनची खबर आहे ती, यार. गाडी आत्ता कुठे आहे ते सांगा." म्हणून आधी एकदा जाऊन यायचं, अर्धा तास थांबायचं, मग पुन्हा जायचं आणि तो नमुना तपासायचा. ते आमच्याकडे जेवायला आले, की हा अर्धा तास सगळ्या पंगतीला लागू होई. माझी बायको सुमन पुऱ्या तळायच्या थांबून विचारी, "भावजी, सिग्नल मिळाला का?"

"नाही वहिनी. आउटरला उभी आहे."

मराठी मंडळींच्या गणपतीत तर त्यांनी मुदपाकखान्याच्या कोपऱ्यातच दिवा पेटवला. नळीत पिवळसर काहीतरी खदखदताना पाहून आचारी महाराज आपुलकीने म्हणाले, "भाईसाहब, इतनी-सी चाय? लाइए, अदरक डाल दूँ." हर्डीकर अत्यंत गंभीरपणे उत्तरले, "नहीं महाराज, इसमें कुछ मिलाया तो रीडिंग गलत आएगी." काय प्रकार आहे ते कळल्यावर महाराजांनी तो कोपरा दोनदा धुतला. हर्डीकरांनी पिवळ्याचे चार युनिट घेतले, ठरलेला वेळ थांबले आणि सगळ्यांची पानं उठल्यावर एकटेच जेवले. मोदक मात्र मोजून एक.

त्यांची बायको कमल या सगळ्याला कधी हसली नाही आणि कधी वैतागलीही नाही. काचेची सिरिंज ती उकळून ठेवी, आणि ते हिशोब सांगत असताना "हं, हं" करी. मूलबाळ नव्हतं. कावीळ झाली आणि महिन्याभरात ती गेली. हर्डीकर पंधरा दिवसांनी कामावर आले. मी विचारलं, "कसं काय?" ते म्हणाले, "पिवळा." आम्ही दोघं ऑफिसच्या पायऱ्या चढलो.

त्यानंतर सुमनच्या हट्टामुळे ते रात्रीचं जेवण आमच्याकडे घेऊ लागले. संध्याकाळी दिवा, नळी आणि सिरिंजचा डबा घेऊन येत. मी आकड्यांचा माणूस. समोर काय चाललंय ते मोजण्याची खोड जात नाही. काही आठवड्यांत माझ्या लक्षात आलं, की सकाळी-दुपारी नियमाला चिकटून असणारे हर्डीकर संध्याकाळी तो सरळ मोडतात. नळी नारिंगी असे. ते ती उजेडात धरून बघत, "हं" म्हणत, धुऊन टाकत, आणि नेहमीचं इन्शुलिन घेऊन जेवायला बसत. वरचे आठ युनिट नाहीत. एकदा विटकरी आला. तेव्हाही नाहीत.

"नारिंगीला आठ ना?" मी विचारलं.

"पुढे उतार आहे," ते म्हणाले आणि वरण मागितलं.

उतार कसला, ते सांगेनात. मला वाटलं, दुःखाने निष्काळजी झाले असतील. पण निष्काळजी माणूस दोनदा लघवी तपासत नाही.

मग उजव्या डोळ्यासमोर काळा ठिपका तरंगू लागला. डॉक्टरांनी डोळा तपासून साफ सांगितलं, की साखर अशीच चढती राहिली तर आधी हा डोळा जाईल, मग दुसरा. ज्याचा दिवस ब्रेकच्या आलेखावरच्या बारीक रेघा वाचण्यात जातो, त्याला हे सांगितलं होतं. तरी त्या संध्याकाळी नळी नारिंगी झाली आणि हर्डीकर ती धुवायला उठले.

मी त्यांच्या हातातून नळी घेतली. "हर्डीकर, नियम तुमचा, रंग तुमचा, डोळाही तुमचाच. मला फक्त कारण सांगा. तुम्ही कारणाशिवाय काही करत नाही."

ते खाली बसले. सुमन पोळी लाटायची थांबली.

"दिवसा साखर फार उतरली, तर ऑफिसात चार माणसं आहेत," ते म्हणाले. "हात थरथरतात, मला कळतं, मी रेवडी तोंडात टाकतो. झोपेत कळत नाही. दोनदा झालंय तसं. कमल रात्री उठून माझ्या मानेवर हात ठेवायची. मान घामाने ओली लागली, की उठवून साखरेचं पाणी पाजायची. गार्ड नसलेली गाडी घाटात कमी ब्रेकवर सोडत नाहीत अन् जास्त ब्रेकवरही सोडत नाहीत. तिला यार्डातच उभं करतात. माझी गाडी यार्डात उभी करता येत नाही, मला रोज झोपावं तर लागतंच. म्हणून मी साखर चढती ठेवून झोपतो."

"आणि डोळा?"

"डोळा हळूहळू जातो. झोपेत साखर उतरली, तर एका रात्रीत संपतं."

हा हिशोब मी मनात पुन्हा करून पाहिला. त्यात चूक नव्हती.

सुमन हात पुसत बाहेर आली. "मग इथे झोपा. त्यात काय एवढं?"

"नाही वहिनी. ट्रायल घेतल्याशिवाय कुठलीच गाडी लाइनवर सोडत नाहीत." ते चेष्टा करताहेत असं आधी आम्हाला वाटलं. ते करत नव्हते. ट्रायल रविवारी दुपारी घ्यायची, दिवसाउजेडी, आणि मानेवर हात ठेवायचं काम माझं, असं त्यांनी ठरवलं. घाम कुठे बघायचा, ओलं लागलं तर काय करायचं, शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना कसा गाठायचा, हे माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

रविवारी नळी नारिंगी झाली. त्यांनी नेहमीच्या इन्शुलिनवर आठ युनिट वाढवून घेतले, जेवले आणि आमच्या बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मी शेजारी खुर्ची घेऊन बसलो. साखरेचं पाणी स्टुलावर झाकून ठेवलं होतं.

पहिल्यांदा हात लावला तेव्हा ते घोरत होते. मान कोरडी होती. दुसऱ्यांदाही कोरडी. तिसऱ्यांदा लावला, तेव्हा श्वास बदललेला वाटला. मी वाकून नीट चाचपलं.

"घाम नाही," मी स्वतःशीच म्हणालो.

"माहीत आहे," हर्डीकर डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले. "मी मघाशीच जागा झालोय."

मी हात काढू लागलो.

"असू द्या जरा," ते म्हणाले.

आतून सुमनने विचारलं, चहा टाकू का. मी हात मानेवर तसाच ठेवला. तिने दारातून डोकावून पाहिलं आणि ती परत गेली.