बूट काढायचे नाहीत!

इथे परदेशात, आमच्या ट्रॉय शहरात मराठी घर ओळखायचं असेल तर दारातला चपलांचा ढीग बघायचा. भालेराव काकांकडे मात्र सगळं उलटं. आपण दारात वाकलो रे वाकलो की आतून आरोळी येते, "बूट काढायचे नाहीत! या तसेच आत!" देवघरापुरती तेवढी सूट. बाकी घरभर काका स्वतः लेस आवळून हिंडतात आणि काकू बिचाऱ्या मागून व्हॅक्यूम फिरवतात.

काका आमच्या शेजारी राहतात. गाड्यांच्या कंपनीतून रिटायर झालेत. त्याआधी काही वर्षं ते ओक्लाहोमात होते आणि तिथे टॉर्नेडोत त्यांचं घर गेलं. तेव्हापासून प्रत्येक वादळाची ते त्या वादळाशी तुलना करतात आणि प्रत्येक वादळाला नापास करतात. "ओक्लाहोमाच्या मानाने ही शिंक!" हा त्यांचा शेरा. दोन वर्षांपूर्वी आमच्या दारातलं मेपल माझ्या गाडीवर आडवं झालं, काच फुटली. काकांनी फांदीला बुटाने ढोसलं आणि म्हणाले, "फार तर दोन शिंका." खरं सांगते, त्या दिवशी काका माझ्या हातून थोडक्यात वाचले.

ओक्लाहोमाची गोष्ट ते रंगवून सांगायचे. आकाश कसं भेंडीसारखं हिरवं झालं, एकाच संध्याकाळी कसे चार-चार भोवरे उतरले, आणि त्यांचा फ्रिज शेजाऱ्याच्या स्विमिंग पूलमध्ये कसा सापडला, आत श्रीखंड शाबूत! त्या श्रीखंडापाशी गोष्ट संपायची. तेव्हा काकू कुठे होत्या, हे विचारायचं आम्हाला कधी सुचलंही नाही.

गेल्या जूनमध्ये दुपारी चारला वादळाचा भोंगा वाजला. आमच्या घराला बेसमेंट नाही, म्हणून भोंगा झाला की काकांकडे पळायचं हे ठरलेलं. माझ्या सात वर्षांच्या सईला घेऊन मी धावले. बेसमेंटमध्ये जिन्याखाली नेहमीसारखी जुन्या बुटांची रांग होती, त्यात सईच्या मापाचेही होते. काका शेवटच्या पायरीवर बसलेले, मांडीवर काकूंचे पांढरे स्पोर्ट्स शूज.

"काकू कुठेयत?"

"लायब्ररीत. चालत गेलीय, त्या पट्ट्यापट्ट्यांच्या सँडल घालून. फोन वर, ओट्यावरच राहिलाय."

वर काहीतरी धाडकन आपटलं. दिवे गेले. सईने विचारलं, "काका, इज धिस अ स्नीझ?"

काकांनी मांडीवरचे शूज उराशी धरले.

ते म्हणाले, "ओक्लाहोमात तेव्हा टीव्हीवर सांगत होते, टॉर्नेडो वॉच. आम्ही नवीन. वॉच म्हणजे सावध राहा हे कुठे माहीत, 'बघा' असं समजून मी कॅमेरा घेऊन गेलो की गं बघायला, पार कोपऱ्यावरच्या मैदानात!"

मला हसू फुटत होतं, ते मी गिळलं.

"मी नालीत आडवा पडलो, खरचटलंसुद्धा नाही. ही बाथटबमध्ये वाचली. पण चपला दारातल्या रॅकवर, आणि रॅक गेलं उडून. तशीच अनवाणी निघाली मला शोधायला. रस्ताभर काचा. माझं नाव कधी घेत नाही, म्हणून नुसती 'अहो! अहो!' ओरडत होती. फायरब्रिगेडवाल्यांना वाटलं, हेच नवऱ्याचं नाव. तेही बॅटऱ्या घेऊन 'मिस्टर आहो! मिस्टर आहो!' करत फिरले. मी सापडल्यावर म्हणते कशी, 'कॅमेरा भिजला का हो?' आणि खाली बघतो तर पाय रक्ताने..." काकांनी शूजची लेस बोटाला गुंडाळली. "तिच्या तळव्यांकडे मला अजून बघवत नाही."

मी मनातल्या मनात गणपतीला एकवीस मोदक बोलले.

भोंगा थांबला. थोड्या वेळाने वरचं दार उघडलं आणि हाक आली, "अहो!"

गुडघेदुखीवाले काका दोन-दोन पायऱ्या टाकत वर पळाले. मागून आम्ही. काकू दारात उभ्या, चिंब भिजलेल्या, पोटाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत पुस्तकं. "अहो, काही झालं नाही मला. लायब्ररीवाल्यांनी आम्हाला खाली बसवलं, बिस्किटंसुद्धा दिली." मी हुश्श केलं आणि डोळे पुसले.

काका मात्र खाली बसले होते. त्यांनी काकूंच्या ओल्या सँडल काढल्या, आपल्या शर्टाने एकेक पाऊल पुसलं. तळवेसुद्धा. मग शूज चढवले.

"अहो, पोरगी बघतेय!" काकू लाजून लाल.

सईने दारातून बाहेर डोकावलं. रस्त्यावर एक कचऱ्याचा डबा आडवा झाला होता. नुकसान म्हणाल तर तेवढंच.

"मग काका?" मला राहवेना. "ओक्लाहोमाच्या मानाने?"

काकांनी लेसची गाठ मारली, वर आणखी एक मारली.

"मोठं होतं," ते म्हणाले. "हे फार मोठं होतं."