स्पोर्ट सस्पेन्शनवरचं रुखवत

टेम्पो सांगितला असता तर यातलं काहीच घडलं नसतं. कोपऱ्यावरचा टेम्पोवाला ओळखीचा, दादरचा हॉल त्याच्या पायाखालचा. पण मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी अवधूत राजाध्यक्षाने चहाचा कप खाली ठेवला आणि जाहीर केलं, "टेम्पो-बिंपो काही नको. रुखवत आपल्या गाडीतून जाईल."

ठाकूरद्वारच्या त्या भरलेल्या घरात सगळ्यांनी आपापले कप खाली ठेवले.

आता या गाडीबद्दल सांगायलाच हवं. अवधूत विमा कंपनीत हेडक्लार्क. वयाची चोपन्न वर्षं बसच्या रांगेत काढली, कधी कुरकुर केली नाही. पण गेल्या दिवाळीत पुतण्या विहंग कॅनडाला निघाला आणि जाताना आपली गाडी काकाच्या गळ्यात मारून गेला. लालबुंद, चपटी, जमिनीपासून चार बोटं वर. तिला स्पोर्ट सस्पेन्शन होतं. म्हणजे चाकाखाली काडेपेटी आली तर तिच्यात काड्या किती उरल्यात ते थेट कमरेला कळायचं. आणि टायर लो-प्रोफाइल. चाक भलंमोठं, चकचकीत, आणि त्याच्याभोवती रबर लुगड्याच्या काठाएवढं. अवधूत या गाडीवर जीव टाकायचा. रविवारी तिला पुसायचा, पावसात तिच्यावर छत्री धरून स्वतः भिजायचा. चालवायचा मात्र वाडीच्या तोंडापासून पिंपळापर्यंत आणि परत. पिंपळापुढे खड्डा होता.

"त्या गाडीतून?" रश्मी म्हणाली. सत्तावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचा प्रत्येक निर्णय तिने असा दोन शब्दांत तपासून घेतला होता.

"का? काय वाईट आहे गाडीत?"

"गाडीत नाही हो वाईट. रस्त्यात आहे."

"बाबा," ऋग्वेदा मेंदीचे हात हवेत धरून म्हणाली, "आत्याआजीची बोट मोडली ना, तर मी अंतरपाटामागे उभी राहणार नाही. सांगून ठेवते."

बोट म्हणजे नलूआत्याची बोट. अवधूतची आत्या एकोणऐंशी वर्षांची. तिचे यजमान माझगाव गोदीत होते. तेव्हापासून घराण्यातल्या प्रत्येक मुलीच्या रुखवतात आत्याच्या हातची खाण्याची बोट मांडली जायची. शंकरपाळ्यांचा ढाचा, चकल्यांच्या खिडक्या, चिरोट्यांचं धुराडं, सगळं साखरेच्या पाकाने चिकटवलेलं. अडीच फूट लांब. या खेपेला आत्याचे हात कापत होते. चकली खिडकीवर बसवायला तिला पंधरा-पंधरा मिनिटं लागत होती. "ही शेवटची रे बाबा," ती म्हणाली होती. "यापुढे होणार नाही माझ्याच्यानं." त्यामुळे बोट अख्खी पोचायला हवी होती, आणि नवऱ्या मुलाकडची माणसं नऊ वाजता यायच्या आत मांडली जायला हवी होती. अवधूतने आत्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. (आत्याने तो हात लगेच बाजूला केला. "माझ्या नको, स्वतःच्या डोक्यावर ठेव," म्हणाली.)

सकाळी साडेपाचला निघाले. पुढे अवधूत, फेटा बांधून. मागे आत्या, मांडीवर बोट. तिच्या शेजारी रश्मी, मांडीवर लाडवांचं ताट. अवधूतच्या शेजारी त्याचा ऑफिसातला मित्र बुद्धभूषण. तो जन्माने लालबागचा. "लालबागवरून घे," तो म्हणाला. "तिथला खड्डान् खड्डा मला नावानिशी माहीत आहे."

अवधूतचा नियम साधा होता. खड्डा दिसला की गाडी थांबवायची, सगळ्यांनी उतरायचं, रिकामी गाडी खड्ड्यातून अलगद काढायची, पलीकडे पुन्हा बसायचं. वजन कमी तर मार कमी. ऐकायला शास्त्रशुद्ध होतं. पण या गाडीत बसणं म्हणजे पाटावर बसण्यासारखं, आणि उतरणं त्याहून अवघड. आत्याला बाहेर काढायला दोघं लागायची आणि बोटीला तिसरा. पहिल्या अर्ध्या तासात आत्या चौदा वेळा चढली आणि चौदा वेळा उतरली. पंधराव्यांदा ती म्हणाली, "अवधूत, मी चालतच जाते. तू ये सावकाश."

"अगं पण आत्या, नऊपर्यंत पोचशील का?"

"तुझ्याआधी पोचेन."

शेवटी ती खरंच चालू लागली. दृश्य असं होतं: पुढे बुद्धभूषण छत्रीच्या टोकाने डबक्यांची खोली मोजत चाललेला, मागे पैठणीतली रश्मी ताट घेऊन, तिच्यामागे बोट उराशी धरून आत्या, आणि सगळ्यांच्या मागे, त्यांच्यापेक्षा हळू, लाल स्पोर्ट्स गाडी. दूधवाले सायकली थांबवून बघत होते.

लालबागला आल्यावर बुद्धभूषण एका डबक्यापाशी थबकला. "हा नवीन आहे," तो म्हणाला. "याची-माझी ओळख नाही."

"खोल आहे?"

त्याने छत्री घातली. मुठीपर्यंत गेली.

"मग उजवीकडून घेतो," अवधूत म्हणाला आणि त्याने उजवीकडून घेतली. उजवीकडे दुसरा होता.

फाट्! एक आवाज झाला. अवधूतने घाबरून गाडी डावीकडे वळवली. फाट्! दुसरा झाला. गाडी पोटावर बसली आणि मोठा सुस्कारा सोडून गप्प झाली. अवधूतला रडूच फुटलं. मुलीच्या पाठवणीसाठी जपून ठेवलेलं सगळं रडू त्याने तिथे टायरवर खर्च केलं.

शेजारचा पंक्चरवाला दात घासत आला. वाकून त्याने टायरच्या कडेत तीन बोटं घातली, ती पलीकडून बाहेर काढून हलवून दाखवली. "साइडवॉल गेली. दोन्हींची. याला पंक्चर नाय निघत. स्टेपनी काढा."

अवधूतने डिकी उघडली. डिकीत स्टेपनी नव्हती. हवेचा एक पंप होता आणि पंक्चर बुजवायच्या द्रवाची एक बाटली.

"एवढ्या मोठ्या गाडीला स्टेपनी नाय?" पंक्चरवाला म्हणाला. "आमच्या हातगाडीवाल्याकडं पण असते." त्याने टायरवरचा नंबर वाचला आणि हात जोडले. "हा साइज लालबागात कोणाकडं भेटणार नाय. क्रेनवाल्याला बोलवा. दहाला उठतो तो."

सात वाजले होते. टॅक्सी थांबत नव्हती, एक थांबली ती बोटीचा पाक बघून "सीट चिकटेल" म्हणत निघून गेली. आत्या डबक्याच्या काठावर पंक्चरवाल्याच्या स्टुलावर बसली होती, बोट मांडीवर. तिने अवधूतकडे पाहिलं आणि बोटीवर पदर पांघरला, हे सगळ्यात वाईट झालं.

तेव्हा बुद्धभूषण म्हणाला, "थांब. शामरावला उठवतो."

शामराव त्याच्या चाळीतला शेजारी, मूळ मालवणकडचा. लालबाग-परळच्या कारखान्यांतून मोठमोठे गणपती मंडपापर्यंत न्यायचं त्याचं काम. त्याची ट्रॉली लोखंडी, लांबलचक, भरीव चाकांची. खड्डा आला तर खड्ड्यालाच दुखेल अशी. अजून मूर्ती निघायला महिनाभर होता, ट्रॉली रिकामीच होती. शामरावाने लुंगी सावरत गाडीभोवती एक चक्कर मारली.

"अठरा फुटाचो गणपती न्हेतंव आमी," तो म्हणाला. "ह्यां काय!"

शिट्टी मारल्याबरोबर पंधरा गडी जमले. बांबू खाली गेले, "हेइसा!" झालं आणि अवधूतची गाडी आयुष्यात पहिल्यांदा जमिनीपासून चार फूट वर गेली. अवधूत स्टिअरिंगवरच बसून होता. ब्रेक दाबून धरायला कोणीतरी हवंच, असं शामराव म्हणाला. मग आत्याला वर चढवलं, बोटीसकट, रश्मीला ताटासकट. दोर लावला. आणि ट्रॉली हलली तेव्हा आत्याने डोळेच मिटले, इतकी ती लोण्यासारखी चालली.

पण इथे एक अडचण आली. त्या पोरांना मुकाट्याने दोर ओढायची सवयच नव्हती. तालावर काहीतरी ओरडल्याशिवाय हात चालेनात. एकाने सवयीने बाप्पाचं नाव घेतलं, शामराव त्याच्या अंगावर धावला. "मूर्ती नाय नि नाव घेतंस? मालकाचा नाव घे!" त्यामुळे दोर खेचताना पोरं ओरडू लागली, "राजाध्यक्ष काका!" आणि मागची उत्तर देऊ लागली, "पुढं सरका!"

लालबागात सकाळी दोर, ट्रॉली आणि घोषणा दिसल्यावर कोण घरात बसेल? गॅलऱ्या भरल्या. मोबाइल वर झाले. फुलवालीने एक हार बॉनेटवर फेकला, मग दुसरीने, मग हारांची रांगच लागली. कोणीतरी ताशा आणला.

"कुठलं मंडळ?" एकाने विचारलं.

"ठाकूरद्वार," बुद्धभूषण म्हणाला. खोटं नव्हतं.

"आणि थीम काय?"

बुद्धभूषणने फाटलेल्या टायरकडे बघितलं. "खड्डे."

"आयला, भारी! टायर बघ ना, एकदम खरे वाटतायत. आणि तो फेटेवाला? पुतळा आहे काय?"

अवधूत हलला. गर्दीने टाळ्या वाजवल्या. "मेकॅनिकल आहे!"

आता थांबवायचं म्हटलं तरी कोण ऐकणार? परळला दोन मंडळांच्या कार्यकर्त्यांनी स्वागत केलं, प्रत्येकी एक नारळ दिला. एका आजींनी पायरीवरून गाडीला ओवाळलं आणि काचेवर कुंकू लावलं. रश्मी मागून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मला ओळखत असेल कोणी तर मी मेले." आत्या मात्र खूश होती. बोटीची एक चकली हलली नव्हती. तिने तर दोन्हीकडे हात हलवायला सुरुवात केली.

पावणेनऊला वरात हॉलच्या दारात पोचली. बोट उतरली. अख्खी. सव्वीसच्या सव्वीस खिडक्या जागेवर, धुराडं ताठ. ऋग्वेदा धावत आली, तिने आत्याच्या गळ्यात हात टाकले, आणि आत्याचे कापणारे हात कितीतरी वेळ तिच्या पाठीवर फिरत राहिले. अवधूतने फेट्याच्या शेमल्याने डोळे पुसले. जमलं! शपथ पाळली!

आणि मागून आवाज आला, "राजाध्यक्ष, हे काय आहे?"

व्याही, शरदचंद्र प्रधान, निवृत्त हेडमास्तर. नऊची वेळ दिली की दहा मिनिटं आधीच हजर. पांढरे कपडे, पांढऱ्या मिशा, आणि तत्त्वं कपड्यांहून पांढरी. बैठकीत त्यांनी टेबलावर हात आपटून सांगितलं होतं: नारळ आणि मुलगी, याखेरीज एक चमचा घेणार नाही. आता ते दारात उभे होते आणि त्यांच्यासमोर, ट्रॉलीवर, हारांनी झाकलेली, कुंकू लावलेली, नारळांनी मढवलेली लाल गाडी होती.

"गाडी?" त्यांचा आवाज चढला. "मुलाला गाडी? ताशे लावून? अर्णव! बूट घाल. आपण निघतोय."

"अहो नाही हो! माझी आहे ती!"

"तुमची होती. आता दारात आणून उभी केलीत. पोळ्याच्या बैलासारखी सजवून! मी हुंड्याविरुद्ध तीस वर्षं शाळेत भाषणं केली, राजाध्यक्ष!"

ऋग्वेदाचा चेहरा पांढराफटक पडला. बुटात एक पाय घातलेला नवरदेव अर्णव तिच्याकडे बघत तसाच उभा राहिला. सहा महिने अवधूत याच व्याह्यांना या गाडीचं कौतुक ऐकवत आला होता. आता एकच मार्ग उरला होता.

"शरदचंद्रराव," तो ट्रॉलीवर चढून म्हणाला, "ही गाडी कोणालाही देण्याच्या लायकीची नाही!" त्याने हार बाजूला केले. "हे टायर बघा. फाटलेत. हे रिम. वाकलंय. हिला स्टेपनी नाही. ही खड्ड्यातून जात नाही, गतिरोधकावर अडकते, पावसात बाहेर काढता येत नाही. हिच्यात बसून माझी कंबर गेली. मी ही वाडीतून पिंपळापर्यंत चालवतो हो, त्यापुढे नाही! हिच्यापायी मी म्हाताऱ्या आत्याला निम्मा रस्ता चालवलं. मी गाढव आहे, शरदचंद्रराव! कोण बाप आपल्या मुलीला असली गाडी देईल?"

सगळा हॉल बाहेर येऊन ऐकत होता. ताशेवालाही थांबला होता. हेडमास्तरांनी चष्मा लावला, टायरच्या कडेत बोट घातलं, ते पलीकडून बाहेर आलेलं पाहिलं. चेहरा जरा सैलावला. पण तत्त्वाचा माणूस, लेखी हवं होतं. "मग लोकांना काय सांगू? दारात आहे ती कशासाठी?"

तेव्हा नलूआत्या पुढे आली. रुखवतातल्या प्रत्येक वस्तूपुढे नावाची चिठ्ठी ठेवायची असते, त्यातली एक कोरी चिठ्ठी तिने घेतली, कापऱ्या हाताने चार शब्द लिहिले आणि वायपरखाली खोचली. हेडमास्तरांनी मोठ्याने वाचलं, "शोभेची वस्तू. चालत नाही."

"हं," ते म्हणाले. "हे योग्य आहे. अर्णव, बूट काढ."

लग्न मुहूर्तावर लागलं. पाहुण्यांनी बोट पाहिली, मग बाहेर येऊन गाडी पाहिली. अवधूत तिच्या शेजारीच उभा होता, फेटा सारखा करत, येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करत. नवऱ्या मुलाच्या एका मावशीने जवळ येऊन चिठ्ठी नीट वाचली, अवधूतला फेट्यापासून चपलांपर्यंत न्याहाळलं, आणि रश्मीला हळूच विचारलं, "चिठ्ठी एकच दिसते. दोघांची मिळून आहे का?"

"हो," रश्मी म्हणाली. "सेट आहे तो."