दार, आत्या आणि बत्तीस अक्षरं

आमच्या दाराची यंत्रणा मी स्वतः लिहिली आहे. त्यामुळे परवानगीशिवाय मुंगीही आत येणार नाही, असं मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं होतं. आलेल्याने बाहेरच्या पडद्यावर नाव टाइप करायचं, ते घरातल्या कॉम्प्युटरकडे जातं. यादीत असेल तर दार उघडतं. नसेल तर उत्तर येतं, 'घरी कोणी नाही.'

यादीत आत्या नव्हती. ती खालच्या मजल्यावर एकटी राहते, रोज संध्याकाळी वर येते आणि बोलायला बसली की घड्याळालाही जांभई येते.

"लहानाचा मोठा केला रे तिने तुला," बायको म्हणाली. "तोंडावर नको म्हणायची हिंमत नाही, म्हणून यंत्र पुढे करतोयस."



संध्याकाळी दार उघडलं आणि आत्या आत! दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी तिलाच विचारलं, "नाव काय टाकलंस?"

"नाव कशाला? सरळ लिहिलं. अरे, मी आलेय, गुडघा ठणकतोय, तुझ्या शर्टाला बटण लावून आणलंय, उभी नको ठेवूस, उघड."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नावासाठी मी बत्तीस अक्षरांची जागा ठेवली होती, पण आलेला मजकूर मोजून घ्यायला विसरलो होतो. जास्तीचा मजकूर सांडून शेजारच्या खणात गेला, आणि तिथेच माझं 'उघडू नको' लिहिलेलं होतं. आत्याच्या बोलण्याने ते पुसलं गेलं. असल्याच भोकांतून चोर शिरतात, आणि लोकांची अशी भोकं बुजवण्याचा मी पगार घेतो.

लगेच दुरुस्ती केली. बत्तीस अक्षरांपुढचं सगळं कापायचं.

दुसऱ्या संध्याकाळी मी टीव्हीसमोर मोठमोठ्याने हसत होतो. दार वाजलं नाही, उघडलंही नाही. नंतर पाहिलं, तर कॉम्प्युटरवर एवढंच उरलं होतं: 'अरे, मी आलेय, गुडघा ठणकतोय, तुझ्या शर्टाला बटण'. त्याखाली माझं उत्तर. बाहेर कडीला माझा आणखी एक शर्ट अडकवलेला होता, नीट घडी घालून. माझं हसणं तिने ऐकलं असणार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तसाच खाली धावलो. तिच्या दाराला यंत्रबिंत्र नाही, नुसती कडी.

"कोण आहे?"

"आत्या, मी. माझं चुकलं गं. म्हणजे मुळात काय झालं, ती बत्तीस अक्षरं..."

"लांबण लावू नकोस. नाव सांग."

मी नाव सांगितलं.

आत क्षणभर विचार झाला असावा. मग उत्तर आलं, "घरी कोणी नाही."