साक्षात रास्पबेरी

वॉल्टर रॅमस्डेनचा आपल्या जिभेवर फार विश्वास होता. यॉर्कशरमधल्या एका छोट्या गावच्या नगरपालिकेत तो अन्न-निरीक्षक होता. सॉसेजमध्ये मांस किती आणि पाव किती, हे तो एका घासात सांगायचा. प्रयोगशाळेचा अहवाल मागाहून यायचा. रोज सकाळी टोस्टवर बायकोच्या हातचा जॅम फासताना तो म्हणायचा, "लढाईतसुद्धा तू मला खोटं खाऊ घातलं नाहीस, एडना. म्हणून तर ही जीभ शाबूत राहिली." एडना लगेच उठून किटली बघायला जायची.

घोळ झाला तो चर्चच्या विक्रीत. छपराच्या दुरुस्तीसाठी बायकांनी घरचे जॅम मांडले होते. महायुद्ध संपलं तरी साखर अजून रेशनवरच, तेव्हा बरण्या मोजक्याच. एडना आणि क्लेगबाई यांची टेबलं शेजारी-शेजारी, आणि दोघींच्या बरण्यांवर एकच चिठ्ठी: 'अस्सल रास्पबेरी'. वॉल्टरने चारचौघांत एडनाचा जॅम चाखला. "वा! साक्षात रास्पबेरी!" मग क्लेगबाईंचा चाखला आणि त्याचं तोंड वाकडं झालं.

"गडबड आहे यात. केवढा आंबट! आणि बिया बघा, दातांत अडकतात."

"रास्पबेरीच आहे ती. अडकणारच," क्लेगबाई म्हणाल्या.

"ते मला शिकवू नका, बाई. पोट भरतो मी त्यावर."

एडनाने त्याची बाही ओढली. "वॉल्टर, जाऊ दे ना. घरी चल."

"कायद्याला शेजारीण नसते, एडना. आणि बायकोही नसते."

"तेच म्हणतेय मी," एडना पुटपुटली.

पण वॉल्टर आता कोणाचं ऐकतोय? "ही बरणी मी तपासणीसाठी विकत घेतो आहे," असं त्याने नियमाप्रमाणे मोठ्याने जाहीर केलं. नियमाप्रमाणेच जॅमचे तीन वाटे झाले. एक क्लेगबाईंना, एक प्रयोगशाळेला, एक स्वतःकडे. वाटे मोहोरबंद करताना लाखेचे दोन थेंब पाद्रीबाबांच्या टेबलक्लॉथवर पडले. लोकांनी क्लेगबाईंच्या बरण्या परत करून एडनाच्या तेराच्या तेरा उचलल्या.

"अहवाल माझ्या बाजूने आला तर इथेच माफी मागाल?" क्लेगबाईंनी विचारलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"नाही मागितली तर रॅमस्डेन नाव लावणार नाही!"

दहा दिवसांनी अहवाल आला. फळाचं प्रमाण कायद्याला हवं त्याहून कितीतरी जास्त, नमुना उत्कृष्ट. खाली तपासनिसाने हाताने लिहिलं होतं, 'आणखी असल्यास पाठवावा.'

वॉल्टर घरी आला. स्वतःकडच्या वाट्याची लाख फोडून त्याने पुन्हा चाखलं. पुन्हा तोंड वाकडं झालं.

"एडना, ही जर रास्पबेरी, तर मी दहा वर्षं खातोय काय?"

"भोपळा."

"आणि रंग?"

"बिटाचा."

"आणि बिया?"

"गवताचं बी. चाळून घेते मी."

वॉल्टरने रोजची बरणी उचलून उजेडात धरली.

"लढाईत रास्पबेरी कुठून आणणार होते?" एडना म्हणाली. "पहिला घास घेतलास आणि डोळ्यांत पाणी आलं तुझ्या. मग सांगवेना रे."

"आणि लढाई संपल्यावर?"

"एकदा खरा केला होता. तू म्हणालास, एडना, हात बिघडला तुझा."

रविवारी त्याने भर चर्चमध्ये माफी मागितली आणि आपल्या जिभेची हकिकतही सांगून टाकली. क्लेगबाईंनी उदार मनाने एक बरणी दिली. "घ्या, मिस्टर रॅमस्डेन. रोज थोडा-थोडा खा, सवय होईल." मग नव्या चिठ्ठ्या घेऊन तो तेरा घरं फिरला. चिठ्ठ्या सगळ्यांनी लावून घेतल्या, बरणी मात्र एकानेही परत केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आपल्या घरच्या बरणीवरही चिठ्ठी डकवली: 'भोपळा, बीट व इतर.'

"इतर म्हणजे?" एडनाने विचारलं.

"गवत," वॉल्टर म्हणाला. त्याने क्लेगबाईंची बरणी फडताळात मागे सारली आणि भोपळ्याची पुढे ओढली.