पोथीचा शेवटचा अध्याय

दुपारी आत्याला पोथी वाचून दाखवायची, हे पद्माचं काम. आत्याचे, म्हणजे कुसुमताईंचे, डोळे मोतीबिंदूने गेलेले. पद्माला ओव्या पाठच होत्या. त्यामुळे तोंडाने त्या म्हणत ती पोथीत दडवलेली कादंबरी मनात वाचायची. एके दिवशी घोटाळा झाला आणि ओवीऐवजी तोंडून निघालं, "जिन्यात त्याने तिचा हात धरला."

पद्माने झटकन पोथी मिटली. कुसुमताई म्हणाल्या, "मग आगे?"

झालं! पोथी मागे पडली. नवव्या वर्षी लग्न झालेल्या आणि अकराव्या वर्षी वैधव्य आलेल्या कुसुमताईंना, शाळेच्या वाटेवर कुणासाठी तरी रेंगाळणारी मुलगी प्रथमच भेटत होती. ऐकताना त्या रडत. शेजारच्या सुलोचनाबाईंनी ते खिडकीतून पाहिलं आणि जयेंद्रगंजच्या गल्लीगल्लीत सांगितलं, "काय भक्ती आहे!" बायका दारात नारळ ठेवून जाऊ लागल्या.

पद्माचे वडील सदाशिवराव हरखले. तेवढ्यात मध्यभारत राज्य मोडलं, राजधानी भोपाळला गेली आणि त्यांनाही सरकारी कचेरीबरोबर तिकडे जायचा हुकूम आला. कुसुमताई मात्र गावातच, हजीऱ्याला थोरल्या भावाकडे राहणार होत्या. निघायच्या दिवशी सदाशिवरावांनी पोथीची समाप्ती थाटात करायची ठरवली. शिरा झाला, गल्ली जमली, आणि पद्माला खरीच पोथी वाचावी लागली. गोष्ट अर्धी राहिली म्हणून कुसुमताई ढसाढसा रडल्या. बायका त्यांच्याच पाया पडल्या.

टांगा दाराशी लागला तेव्हा कुठे दोघींना एकांत मिळाला.

"जल्दी सांग पद्मे, काय झालं तिचं?"

पद्माने शेवट केव्हाच वाचला होता. मुलगी शिकायला परगावी जाते, मुलगा स्टेशनावर उभा राहतो, संपलं. आत्याला एवढं तरी सुख मिळावं म्हणून तिने पुस्तक उघडून धडधडीत खोटं वाचलं, "आणि दोघांचं थाटात लग्न लागलं."

कुसुमताईंचा चेहरा उतरला. "लग्न लावलं? किती छान चालली होती गं पोरगी. बिचारी."

पद्माला भडभडून आलं.

"पद्मा, चल! गाडी छूट जाएगी!" बाहेरून सदाशिवराव ओरडले.

"थांबा अण्णा, अध्याय राहिलाय."

समाप्ती झाली खरी, पण राहिलेला अध्याय सोडायचा कसा? सदाशिवराव चपला काढून, हात जोडून उंबऱ्याशी बसले. पद्माने डोळे पुसले आणि लिहिलं होतं तसं वाचलं, "ती शिकायला निघाली. गाडी हलली. तो मागे राहिला. ती उतरली नाही."

सदाशिवरावांचे जोडलेले हात सुटले. "ताई, ही कुठली पोथी?"

"चूप बस, सदू," कुसुमताई रडत म्हणाल्या. "पोरगी शिकायला निघालीय. तिला जाऊ दे."