एप्रिलमधला मध्यहिवाळा

अंटार्क्टिकावरच्या आमच्या केंद्रात मध्यहिवाळा जूनमध्ये येतो. मुख्यालयाला हे अमान्य होतं असं नाही; गैरसोयीचं होतं, इतकंच.

आमच्याकडे सूर्य मे महिन्यात जातो, तो ऑगस्टपर्यंत तोंड दाखवत नाही. त्या अंधाराच्या ऐन मध्यावर आम्ही सण करतो. केंद्रप्रमुख स्वतः प्रत्येकाला अंथरुणात चहा नेऊन देतात, पुरुषमंडळी दाढ्या विंचरतात, आणि स्वयंपाकघर माझ्याकडे असल्यामुळे वर्षभर राखलेलं मी त्या दिवशी शिजवते. त्याआधी माणसं त्या दिवसाच्या भरवशावर तग धरतात, त्यानंतर त्याच्या आठवणीवर.

यंदा राखलेली होती कोकराची तंगडी. जनरेटर सांभाळणाऱ्या गेथिनची. तो वेल्सचा. गुडघे गेले म्हणून त्याच्या आईने मेंढ्या विकल्या; त्या कळपातलं हे शेवटचं कोकरू. बोटीवरून त्याने ती तान्ह्या पोरासारखी उचलून आणली.

"शेफबाई, जूनपर्यंत हिच्याकडे कुणी वाकडी नजर करायची नाही."

"आणि तुझ्याकडे?"

"माझ्याकडे सरळसुद्धा कुणी बघत नाही."

एप्रिलमध्ये मुख्यालयाच्या प्रसिद्धी विभागातून फिलिपाबाईंचा फोन आला. केंद्रप्रमुख अ‍ॅलिस्टर यांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"गेल्या वर्षीचे मध्यहिवाळ्याचे फोटो काळे आलेत."

"बाई, इथे तेव्हा काळंच असतं," मी म्हटलं.

"काळ्याला प्रतिसाद मिळत नाही. भरलेलं टेबल हवं, खिडकीतून ऊन हवं. तुमच्याकडे ऊन कधीपर्यंत आहे?"

अ‍ॅलिस्टर यांनी कोठारातलं पीठ बघावं तसं बाहेर बघितलं. "महिनाअखेरपर्यंत पुरेल."

अशा रीतीने मध्यहिवाळा प्रशासकीय कारणास्तव एप्रिलमध्ये घेण्यात आला.

"तंगडी नको," गेथिन म्हणाला. "बटाटे मांडा ना."

"अरे, फोटोपुरतीच. लगेच परत बर्फात. जूनमध्ये तुझीच." अ‍ॅलिस्टर मनाने चांगले आहेत. फोनला नाही म्हणता येत नाही, एवढाच दोष.

मी तंगडी वरवर भाजली, आत गोठलेलीच ठेवली. नमुन्याचा फोटो गेला. उत्तर आलं : मांस दमलेलं दिसतंय, चकाकी हवी. लोणी लावलं, ते थिजून पांढरं पडलं. मग अ‍ॅलिस्टर जनरेटरच्या खोलीतून एक डबा आणि ब्रश घेऊन आले.

गेथिनने डबा ओळखला. "साहेब, ते इंजिन ऑइल आहे!"

"नवाकोरा डबा आहे," अ‍ॅलिस्टर यांनी त्याला धीर दिला.

तंगडी झळकली. माझ्या हातचं काहीही कधी इतकं सुंदर दिसलेलं नाही. कागदी मुकुट घातलेल्या गेथिनला हसायला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

जून उजाडला. म्हणजे उजाडला नाही, आला. खास कोठार उघडण्याची परवानगी मी मागितली. मुख्यालयाने कळवलं की एका आर्थिक वर्षात एकच मध्यहिवाळा मंजूर असून तो आनंदात पार पडल्याचा सचित्र पुरावा उपलब्ध आहे. तंगडीचं वर्गीकरण 'प्रसिद्धी साहित्य' असं झालं असून ती पुढच्या वर्षीसाठी जपून ठेवावी.

मध्यहिवाळ्याच्या सकाळी अ‍ॅलिस्टर चहा घेऊन आलेच. "हा माझ्याकडून," खाली बघत म्हणाले. जेवायला मी डब्यातले बीन्स गरम केले.

मुख्यालयाने फोटो त्याच दिवशी जगासमोर आणला : 'अंटार्क्टिकाहून आज, मध्यहिवाळ्याच्या उबदार शुभेच्छा!' खाली लाल बदामांचा नुसता सडा. गेथिन बशी पुढ्यात घेऊन एकेक वाचत होता.

"'मजा आहे बुवा तुमची.' 'मांस काय झळकतंय!' 'अशी नोकरी आम्हाला का नाही?'" मग थांबला. "ही आई."

मी वाकून बघितलं. बदाम, आणि पुढे लिहिलं होतं : 'बाळा, चव तीच आहे ना?'

त्याने बशी बाजूला सारली. मग लिहिलं : 'तीच.'

"म्हातारीला काय सांगणार, शेफबाई? पण इतकी दुनिया बघतेय. मध्यहिवाळ्यात खिडकीतून ऊन कुठून आलं, हे एकालाही विचारावंसं वाटू नये?"

मी खालची नावं वाचत गेले. तुमचंही होतं. बदाम टाकलात, त्याबद्दल आभारी आहोत.