वाटी वजा वाटी

"वजन ना? मग तो विषय माझ्यावर सोडा! आयुष्य गेलंय त्यात!"

आहारतज्ज्ञ बाईंच्या टेबलावर थाप मारून निरीक्षकांनी जाहीर केलं. फुशारकी खोटी नव्हती. वजनमापे खात्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालेला माणूस! ते बाजारात शिरले की दुकानदार आधी तराजू पुसत आणि मग कपाळ.

पण आताचं वजन बायकोचं होतं. तिला कॅन्सर झाला होता. उपचारांच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या. गाठ आटत होती, ही चांगली बातमी. गाठीबरोबर बायकोही आटत होती, ही वाईट.

"आत्ता शेचाळीस किलो आहे," आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या. "पंधरा दिवसांनी पंचेचाळीसच्या खाली दिसलं, तर डॉक्टर पुढची फेरी लांबवतील. कदाचित नाकातून नळीही घालावी लागेल. तेव्हा दर दोन तासांनी थोडं थोडं द्या. सूपमध्ये चमचाभर दूध पावडर घाला. तोंडाला लोखंडासारखी चव येत असेल तर स्टीलचा चमचा नको. वासानं मळमळत असेल तर गार द्या. आणि मुख्य म्हणजे, काय खावंसं वाटतं ते त्यांना विचारा."

निरीक्षकांनी 'दोन तास' आणि 'चमचाभर' एवढंच टिपून घेतलं. बाकीच्यात आकडाच नव्हता!

दुसऱ्या दिवसापासून घराचं सरकारी खातं झालं. भिंतीवर आलेखाचा कागद लागला. ओट्यावर काटा आला. पद्धत सोपी होती : भरलेली वाटी तोलायची, खोलीत पाठवायची, रिकामी परत आली की पुन्हा तोलायची. वाटी वजा वाटी म्हणजे पोटात गेलेलं अन्न. यात चूक काढून दाखवा!

बटाट्याचं सूप उकळलं की निरीक्षक एक चमचा पावडर घालत. काठोकाठ, सुरीनं सपाट केलेला. ते घड्याळाकडे वळले की मदतीला आलेली त्यांची थोरली बहीण पुटपुटे, "पुरुषाच्या हातचा चमचा तो! त्यानं काय होतंय?" आणि ती दोन चमचे घाले, शिगोशीग. मग ऑफिसला निघालेली मुलगी डोकावे. बाबा सगळं ग्रॅमवर मोजणार, आत्याचा चष्मा कधी जागेवर नसणार, म्हणजे आईकडे बघणारी आपणच! तीही दोन चमचे ढकलून जाई. कोणी कोणाला सांगत नव्हतं. तीन तिघाडा, सूप बिघाडा!

"अहो," पहिल्याच दिवशी बायकोनं विचारलं, "हे प्यायचं की भिंतीला फासायचं?"

"ताकद आहे ती! पी!"

"चमचा उभा राहतोय यात."

"तो उभा राहिला, आता तूही राहशील!"

निरीक्षक, बहीण आणि मुलगी पलंगाच्या पायथ्याशी रांगेत उभी होती. निकालाच्या दिवशी पोरं उभी राहतात तशी. बायकोनं तिघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "ठेवा तिथं. पिते सावकाश."

तासाभरानं वाटी लख्ख परत आली! एकशे ऐंशी ग्रॅम! निरीक्षकांनी आलेखावर ठिपका ठोकला. पुढच्या दहा दिवसांत ठिपके असे चढत गेले, की आलेखाला वर दुसरा कागद चिकटवावा लागला.

दहाव्या दिवशी बायकोला माणसं तोलायच्या काट्यावर उभं केलं. पंचेचाळीस किलो दोनशे ग्रॅम!

"काटा खोटा आहे!" निरीक्षक ओरडले. त्यांनी माळ्यावरून जुनी प्रमाणित वजनं उतरवली आणि काटा तपासला. काटा हरिश्चंद्र निघाला.

"मग जातंय कुठे?" निरीक्षकांचा आवाज बसला. "कुठेतरी पाणी मुरतंय!"

मुरत नव्हतं, तीच तर अडचण होती. त्याच दुपारी बायकोच्या खोलीतलं बेसिन तुंबलं. प्लंबर आला, त्यानं खालचा पाइप उघडला, आत बोट घातलं आणि हातातला पाना खाली ठेवला.

"साहेब, यात सिमेंट कोणी ओतलं?"

पाइपातून हातभर लांबीचा पांढरा गोळा सुळकन बाहेर आला. निरीक्षकांनी तो ओळखला. दहा दिवसांचा आलेख होता तो!

त्यांच्या समीकरणात वाटीतल्या सुपाला बाहेर पडायला एकच वाट होती. पोटाची.

"तू ओतत होतीस?"

"मग काय करू?" बायको पलंगावर उठून बसली. "दोन घोटांपुढे घशाखाली उतरेना, आणि नाही म्हणवेना! वन्सं गुडघे दुखत असताना ओट्याशी उभ्या राहतात, पोरगी ऑफिसला उशीर करते, तुम्ही तर रोज त्या कागदापुढे हात जोडायचेच बाकी होतात!"

"अगं, पण एक चमचा पावडर..."

"एक?" बहीण म्हणाली. "मी दोन घालत होते."

"मीसुद्धा दोन," मुलगी म्हणाली.

प्लंबरनं बोटांवर हिशेब केला आणि आदरानं पाइपाकडे पाहिलं.

निरीक्षक पलंगाच्या कडेला टेकले. पाच दिवस उरले होते. दोनशे ग्रॅम म्हणजे बाजारात त्यांनी सोडून दिलं असतं एवढं वजन. त्यावर आता हिचा उपचार टांगलेला होता. "मला वाटलं, तू खातेयस," ते हळूच म्हणाले. मग शेवटी एकदाचं विचारलं, "तुला काय खावंसं वाटतं गं?"

"उकडलेला बटाटा," बायको म्हणाली. "फ्रिजमध्ये गार केलेला. वर लोणी, मीठ. हातानं खाईन, चमचा नको. आणि खाताना कोणी बघायचं नाही!"

तिनं अर्धा बटाटा खाल्ला. दोन तासांनी उरलेला. दुसऱ्या दिवशी बटाट्याबरोबर गार दही, मग फेटलेलं गार दूध. त्यात पावडर एकच चमचा, आणि तो घालायचा हक्क बहिणीचा! आलेख भिंतीवरून काढला गेला. निरीक्षक दाराबाहेर भिंतीकडे तोंड करून उभे राहत.

पंधराव्या दिवशी दवाखान्यात बायको काट्यावर चढली, तेव्हाही त्यांना बाहेरच ठेवलं होतं. आतून नर्सचा आवाज आला, "पंचेचाळीस सहाशे!"

"परत सांगा!" निरीक्षक दाराच्या फटीतून ओरडले.

"पंचेचाळीस सहाशे हो! सोमवारी या, पुढची फेरी ठरल्याप्रमाणे!"

निरीक्षक बाकावर मटकन बसले आणि रुमालात जोरजोरानं नाक शिंकरू लागले. बायको बाहेर आली, शेजारी टेकली आणि दोन महिन्यांत एकदाही न उच्चारलेला शब्द बोलली.

"अहो, भूक लागलीय."

निरीक्षक ताडकन उठले. त्यांनी उजवा खिसा चाचपला, डावा चाचपला, पिशवी उलटी केली. आत फाइल, छत्री आणि चष्म्याचं घर. दहा दिवस हा माणूस वाटी घेऊन तिच्या मागे धावला होता, आणि आज...

"डबा घरी राहिला," ते कसंबसं म्हणाले.

तीस वर्षं दुसऱ्यांच्या तराजूत कमी माल पकडणाऱ्या माणसाचा स्वतःचा माल आज शून्य भरला होता!